भरती कुणाची, भार कुणावर?

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. एकोणतीस केंद्रीय कायद्यांची मोट बांधून तयार झालेल्या या संहितांवर अपेक्षेप्रमाणे मोठे वादळ उठले. डाव्या विचारांच्या संघटनांनी निषेधाचे फलक उभारले, उद्योजकांच्या संस्थांनी स्वागताची पत्रके काढली. भारतीय मजदूर संघाने वेतन आणि सामाजिक सुरक्षा या दोन संहितांची बाजू घेतली होती, आणि औद्योगिक संबंधांच्या संहितेतील काही तरतुदींवरचे आपले आक्षेपही आधीच मांडून ठेवले होते. या गदारोळात एक साधे कलम मात्र बाजूला राहिले. प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र दिलेच पाहिजे, असे ते कलम सांगते.

ज्या घरांत बँकेची, शाळेची किंवा सरकारी कचेरीची नोकरी दोन-दोन पिढ्या चालत आली, त्या घरांना हे वाचून नवल वाटेल. नियुक्तिपत्राशिवाय कुणी नोकरी करते का, असा प्रश्न तिथे सहज विचारला जाईल. त्याचे उत्तर शोधायला दूर जाण्याचे कारण नाही. नाशिक फाट्यावरून महामार्गाने उत्तरेकडे निघावे, भोसरी आणि मोशी मागे टाकून इंद्रायणी ओलांडावी आणि चाकणच्या तळेगाव चौकात पहिल्या पाळीच्या वेळी, अंधार असतानाच उभे राहावे. पाठीवर सॅक आणि हातात डबा घेतलेली तरुण मुले तिथे बसची वाट पाहत असतात. ‘कुठे काम करतोस?’ असे विचारले, तर उत्तरादाखल एखाद्या नामांकित कंपनीचे नाव येते. ‘पगार कोण देतो?’ असे विचारले, की उत्तर बदलते. मग ठेकेदाराचे नाव निघते, कधी नुसते आडनाव, तर कधी केवळ भ्रमणध्वनीवर जतन केलेला एक क्रमांक. जगभर विकल्या जाणाऱ्या मोटारी आणि दुचाकी ज्या हातांखालून जातात, ते हात कागदोपत्री त्या कारखान्याचे नसतातच.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कर्मकरांविषयीचे नियम आहेत. मालक आणि कामकरी यांच्यातील करार शेजारपाजाऱ्यांना ठाऊक असावा, असे त्यांत सांगितले आहे. त्यामागचा व्यवहार उघड आहे. उद्या वाद झाला तर साक्ष कुणाची काढायची? दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यवस्थेला करार शेजाऱ्याला कळलेला हवा होता. एकविसाव्या शतकातल्या औद्योगिक पट्ट्यात तो खुद्द कामगारालाच कळत नाही, आणि ही उणीव भरून काढण्यासाठी संसदेला कायदा करावा लागतो.

पिंपरी-चिंचवडची औद्योगिक वाट अशी सुरू झालेली नव्हती. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्या दशकात आकुर्डीची बजाज, पिंपरीची टेल्को आणि त्यांच्या आगेमागे शेकडो अभियांत्रिकी कारखाने माळरानावर आले. सुमंत मूळगावकरांच्या देखरेखीखाली घडलेल्या टेल्कोच्या पुणे प्रकल्पात प्रशिक्षण विभागाला सुरुवातीपासून मानाचे स्थान होते. गावाकडून आलेल्या, आयटीआय झालेल्या मुलाला तिथे शिकाऊ उमेदवार म्हणून घेतले जाई, यंत्रावर उभे करण्याआधी कानस धरायला शिकवले जाई आणि मग त्याच्या हाताचा कस पाहून त्याला पुढे नेले जाई. ‘मुलगा टेल्कोत आहे’ एवढे वाक्य लग्नाच्या बोलणीत पुरेसे असे. १९७२ साली स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणाच्या निगडी-आकुर्डीतील घरांचे हप्ते याच पगारांतून फिटले. या अंकाच्या वाचकांपैकीही अनेकांची घरे त्याच कमाईवर उभी आहेत.

त्या काळाचे चित्र सोनेरी करून दाखवण्याचे कारण नाही. वशिला तेव्हाही होता, संपही होते, आणि १९८९ साली टेल्कोच्या कामगारांचे शनिवारवाड्यावरचे उपोषण ज्या कटुतेत संपले, ती अनेकांच्या स्मरणात आहे. तरीही त्या भांडणात दोन्ही बाजू एकमेकांना ओळखत होत्या. कामगार कुणाचा, याविषयी वाद नव्हता. वाद होता तो त्याला किती द्यायचे आणि त्याच्या वतीने कोणी बोलायचे, याविषयी.

उदारीकरणानंतर हे बदलले. बजाजचा चाकणचा कारखाना १९९९ साली सुरू झाला, फोक्सवॅगनच्या प्रकल्पाचे उद्घाटन मार्च २००९ मध्ये झाले, मर्सिडीज-बेंझ आणि महिंद्र आले, तळेगावात जनरल मोटर्स आली. निघोजे, म्हाळुंगे, खराबवाडी, कुरुळी, वासुली या गावांच्या शेतांवर पत्र्याची उंच छपरे चढली. या मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्यांची पहिली फळी, त्यांना पुरवणाऱ्यांची दुसरी, आणि त्यांच्याही खाली भोसरी, तळवडे, चिखली, कुदळवाडीतील पत्र्याच्या शेडमधली तिसरी फळी अशी उतरंड तयार झाली. उतरंडीच्या प्रत्येक पायरीवर मनुष्यबळाचा एक ठेकेदार उभा राहिला. मोठ्या कारखान्यात कायम कामगारांची संख्या मर्यादित ठेवायची आणि उरलेली माणसे ठेकेदाराकडून, प्रशिक्षणार्थी म्हणून किंवा ठरावीक मुदतीवर घ्यायची, ही रीत पाहता पाहता नियम होऊन बसली.

या रीतीला कायद्याची फट मिळाली, ती कायद्याच्याच सद्हेतूतून. महाराष्ट्रातील आदर्श स्थायी आदेशांत, वर्षभरात २४० दिवस अखंड सेवा झालेल्या तात्पुरत्या कामगाराला कायम करावे, अशी तरतूद होती. तिचा हेतू चांगला होता. परिणाम मात्र उलटा झाला. सहाव्या-सातव्या महिन्यात ‘ब्रेक’ देण्याची प्रथा पडली. मुलगा काम शिकून हाताला बसतो न बसतो, तोच त्याला थांबवायचे, दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर चढवायचे किंवा त्याच्या जागी नवा मुलगा आणायचा. १९७० च्या कंत्राटी मजूर कायद्याच्या नावात ‘नियमन’ आहे आणि ‘निर्मूलन’ही आहे, चाकणच्या रस्त्यावर या दोहोंपैकी काय दिसते, हे ज्याचे त्याने पाहावे. कंत्राट पद्धती बंद करण्याचा आदेश निघाला तरी तेवढ्याने कंत्राटी कामगार मूळ मालकाचा ठरत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली स्टील ऑथॉरिटीच्या खटल्यात दिल्यानंतर तर कायम होण्याची वाट आणखी अरुंद झाली. मग ‘शिका आणि कमवा’ची भाषा आली. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची ‘नीम’ ही योजना २०१३ पासून रोजगारक्षमता वाढवण्यासाठी होती. पण प्रशिक्षणार्थी हा कर्मचारी नसतो, एवढी एक ओळ अनेकांना पुरेशी झाली. वर्षानुवर्षे उत्पादनाच्या साखळीवर उभा असलेला मुलगा कागदावर विद्यार्थीच राहिला. पुढे परिषदेने ही योजना गुंडाळली. ती ज्या सवयी लावून गेली, त्या मात्र उरल्या.

हे सारे नवे आहे, असे मानण्याचेही कारण नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत हेच घडून गेले आहे. गिरणीचा व्यवस्थापक कामगार निवडत नसे. निवडत असे तो जॉबर. रत्नागिरी आणि साताऱ्याच्या खेड्यांतून माणूस आणायचा तो, कामावर लावायचा तो, काढायचा तो आणि त्याबद्दल ‘दस्तुरी’ही त्यानेच खायची. सकाळी गिरणीच्या दरवाजाशी बदली कामगारांचा घोळका उभा राहायचा आणि आज कुणाला आत घ्यायचे, हे जॉबरच्या नजरेवर ठरायचे. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ मध्ये आपला अहवाल दिला. जॉबरच्या हातातून भरतीचा अधिकार काढून घ्या आणि त्यासाठी स्वतंत्र श्रम अधिकारी नेमा, असे त्याने स्पष्ट सुचवले. १९३५ साली गिरणीमालकांच्या संघटनेने बदली कामगारांना ओळखपत्रे देऊन दारातल्या घोळक्याला थोडी शिस्त लावली. मालकांना उपरती झाली म्हणून हे घडले नाही. रोज नवा, अनोळखी माणूस मागावर उभा केला तर सूत तुटते आणि कापड बिघडते, हा हिशोब त्यांना पटला, म्हणून घडले. आजच्या मनुष्यबळ विभागातील उच्चशिक्षित अधिकाऱ्यांनी हा इतिहास वाचण्यासारखा आहे. ज्या कामासाठी त्यांचे पद जन्माला आले, ते काम त्यांनी पुन्हा जॉबरला देऊन टाकले आहे. जॉबरच्या हाती आता संगणक आला आहे, एवढाच फरक.

भरतीतला हा दोष पुढे कामाच्या बोज्यात उतरतो. वरवर पाहता या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात. मुळाशी त्या एकच आहेत. माणूस ज्याचा, त्याला त्याच्या थकव्याचा हिशोब ठेवावा लागतो. माणूस कुणाचाच नसेल, तर थकवा कोणत्या वहीत लिहायचा? कारखाना म्हणतो, उपस्थितीचा तपशील ठेकेदाराकडे आहे. ठेकेदार म्हणतो, पाळी कंपनीने लावली. पाळी संपवून निघालेल्या मुलाला ‘पुढचा माणूस आला नाही, थांब’ असे सांगितले जाते आणि तो थांबतो, कारण नाही म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी बसमध्ये जागा नसते. जादा कामाचा मोबदला दुप्पट दराने द्यावा, असे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सांगितले होते आणि नवी संहिताही तेच सांगते. लहान कारखान्यांत तो पुष्कळदा साध्या दरानेच मिळतो आणि पगारपत्रकावर ‘भत्ता’ या निरुपद्रवी नावाने उतरतो.

चाकण-पिंपरीच्या कारखान्यांत जपानी शब्दांचे फलक जागोजागी दिसतात. कायझेन, फाइव्ह एस, कानबान हे शब्द मराठी मुलांच्या तोंडी रुळले आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु टोयोटाच्या उत्पादन पद्धतीने तीन दोष टाळायला सांगितले होते. मुदा म्हणजे अपव्यय, मुरा म्हणजे कामातली विषमता, आणि मुरी म्हणजे माणसावर किंवा यंत्रावर त्याच्या कुवतीबाहेर टाकलेला भार. आपल्याकडे मुदा तेवढा पाठ झाला. त्याच्या नावाने माणसे कमी झाली, सेकंद मोजले गेले, हाताच्या हालचाली वाचवल्या गेल्या. मुरीचा फलक कुणी कुठे पाहिला असेल तर तो अपवाद समजावा. त्याच पद्धतीत, दोष दिसताच दोरी ओढून सारी साखळी थांबवण्याचा अधिकार साध्या कामगाराला दिलेला आहे. सात महिन्यांसाठी आलेला मुलगा ती दोरी ओढील काय? ज्याची नोकरी पुढच्या गुरुवारपर्यंत टिकेल की नाही याची खात्री नाही, तो दोष पाहूनही मान खाली घालून सुटा भाग पुढे सरकवतो. गुणवत्तेची सारी इमारत ज्या विश्वासावर उभी आहे, तोच आपण भरतीच्या दारात काढून घेतला आहे.

याची किंमत बोटांनी मोजली जाते, आणि हे अलंकारिक विधान नाही. वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीतील अपघातांवर ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून अहवाल काढते. पॉवर प्रेसवर बोटे गमावणारे कामगार, त्यांतील अनेकांचे आठवड्यातले साठीपुढे गेलेले कामाचे तास आणि अपघात झाल्यावरच हाती पडणारे राज्य विमा योजनेचे कार्ड ही सारी कहाणी त्या अहवालांत पानोपानी आहे. अभ्यास हरियाणातून सुरू झाला असला तरी भोसरीच्या एखाद्या प्रेस शॉपमध्ये गेलेल्या कुणालाही त्यात अपरिचित असे काही आढळणार नाही. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवडे येथे वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाज्या बनवणाऱ्या विनापरवाना कारखान्याला आग लागली आणि त्यात काम करणाऱ्या महिला होरपळून मृत्युमुखी पडल्या. आसपासच्या वस्तीतून रोजंदारीवर आलेल्या बायका होत्या त्या. शहराच्या हद्दीत, वर्दळीच्या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर हा कारखाना चालत होता.

मध्यमवर्गीय घरांनी हा प्रश्न निळ्या गणवेशाचा आहे असे समजून पान उलटू नये. या पट्ट्याच्या पश्चिमेला हिंजवडी आहे, आणि तिथल्या वातानुकूलित इमारतींत बोजा कमी नाही. फक्त तो दिसत नाही. २०२४ च्या जुलैमध्ये पुण्यात एका जागतिक लेखापरीक्षण संस्थेत नुकत्याच रुजू झालेल्या सव्वीस वर्षांच्या सनदी लेखापाल तरुणीचा मृत्यू झाला. तिच्यावर पडलेल्या अतिरिक्त कामाविषयी तिच्या आईने संस्थेच्या प्रमुखांना लिहिलेले पत्र सप्टेंबरमध्ये देशभर वाचले गेले. कामगार खात्याचे अधिकारी चौकशीला गेले तेव्हा आढळले, की त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच झालेली नव्हती. म्हणजे जिथे हजारो उद्योगांचे हिशोब तपासले जातात, तिथे आपल्याच माणसांच्या तासांचा हिशोब ठेवण्याची पहिली पायरीही चढलेली नव्हती. याच सुमारास देशातले दोन मोठे उद्योगधुरीण तरुणांना आठवड्याचे सत्तर आणि नव्वद तास काम करण्याचा उपदेश करून गेले. राष्ट्रासाठी कष्ट करण्याची हाक कुणी दिली तर ती या पानांना परकी वाटणार नाही. पण राष्ट्रासाठी झिजणे आणि तिमाही ताळेबंदासाठी झिजवले जाणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर उपदेशकांनी तरी ओळखावे.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली एक संयुक्त अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला पंचावन्न तास किंवा त्याहून अधिक काम केल्यामुळे २०१६ या एका वर्षात जगभरात पक्षाघात आणि हृदयविकाराने सुमारे ७ लाख ४५ हजार माणसे दगावली, असा अंदाज त्यात आहे. कष्टाळूपणाबद्दल ज्यांचे दाखले दिले जातात, त्या जपानी लोकांना अतिश्रमाने येणाऱ्या मृत्यूसाठी ‘करोशी’ हा वेगळा शब्द तयार करावा लागला, आणि अखेर २०१८ साली जादा कामावर महिन्याला शंभर आणि वर्षाला ७२० तासांची कायदेशीर मर्यादा घालावी लागली. महाराष्ट्राला हे परक्यांकडून शिकण्याची वेळ यावी, हे खेदाचे आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते तेव्हा मांडल्या गेलेल्या दुरुस्तीने १९४६ साली कारखान्यातला आठवडा चोपन्न तासांवरून अठ्ठेचाळीस तासांवर आला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनिक तासांची मर्यादा नऊवरून बारा करण्यास आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा ११५ वरून १४४ तास करण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास कायम आहेत आणि जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती लागेल, असे सरकारचे म्हणणे आहे. कागदावर ते बरोबर आहे. ज्याच्याकडे नियुक्तिपत्र नाही, त्याची लेखी संमती कशी घेतली जाईल आणि ती न देण्याचे धैर्य तो कुठून आणील, याचे उत्तर त्या कागदावर नाही. शिवाय हे बारा तास कारखान्याच्या दारापासून दारापर्यंतचे आहेत. तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्यावरच्या कोंडीत जाणारा वेळ कुणाच्याच खात्यात धरलेला नाही.

उद्योजकाची बाजू ऐकून न घेता निवाडा करणे अन्यायाचे होईल, विशेषतः लहान उद्योजकाची. भोसरीत दोन यंत्रांवर सुरुवात करून वीस यंत्रांपर्यंत पोहोचलेला माणूस स्वतःही चौदा तास राबत असतो. मोठी कंपनी त्याच्याकडून दरवर्षी भाव कमी करून मागते, मागणीचे वेळापत्रक आठवड्यात दोनदा बदलते, माल वेळेवर नाही पोहोचला तर दंड लावते आणि त्याचे पैसे मात्र सवडीने देते. देणी पंचेचाळीस दिवसांत द्यावीत, असे २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा सांगतो. ती पाळली जावीत म्हणून अखेर आयकर कायद्यात तरतूद करावी लागली आणि ती एप्रिल २०२४ पासून लागू झाली. ज्याला पुढच्या महिन्याची मागणी ठाऊक नाही, तो वीस माणसे कायम कशी करणार? आणि जमीन गेलेल्या गावांतल्या काही मंडळींनी ‘भूमिपुत्र’ या पवित्र शब्दाचा उपयोग मनुष्यबळाचा, भंगाराचा आणि वाहतुकीचा ठेका दांडगाईने मिळवण्यासाठी केला आहे, हेही खरे आहे. अण्णासाहेब पाटलांनी हमालाला प्रतिष्ठा मिळवून देण्यासाठी आयुष्य वेचले आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्या नावाचा धाक दाखवून खंडणी उकळणाऱ्यांविरुद्ध पोलिसांना कारवाया कराव्या लागतात. ज्यांची शेते गेली, त्यांच्या मुलांना साखळीवर कौशल्याचे काम मिळायला हवे होते. त्याऐवजी त्यांतल्या थोड्यांना दलाली मिळाली आणि बाकीचे रिकामेच राहिले. राज्याच्या धोरणात स्थानिकांसाठी असलेले ऐंशी टक्के कोणत्या दारातून भरले जातात, हे त्यामुळे कुणी विचारत नाही.

म्हणून सुधारणेची सुरुवात वरून व्हावी लागेल. उतरंडीच्या माथ्यावर असलेल्या कंपन्या पुरवठादाराच्या सुट्या भागात केसाइतका फरक सहन करीत नाहीत. तपासणीसाठी त्यांचे अधिकारी थेट तिसऱ्या फळीच्या शेडमध्ये पोहोचतात. त्याच तपासणीत हजेरीपट, जादा तास, विमा योजनेची नोंद आणि नियुक्तिपत्राची प्रत पाहायला फार तर एक तास जास्त लागेल. यंत्राच्या क्षमतेचा आराखडा जसा महिनाभर आधी केला जातो, तसा माणसांचाही करता येतो. किती जण रजेवर असतील आणि किती गावाकडे लग्नसराईला किंवा पेरणीला जातील, हे दरवर्षी ठाऊक असते. तरी दर मे-जूनमध्ये जणू अघटित घडल्यासारखी धावपळ होते आणि उरलेल्यांवर दुप्पट पाळ्या पडतात. त्यासाठी कंपनीने स्वतः निवडलेला, स्वतः शिकवलेला राखीव गट ठेवावा. जुलै २०१२ मध्ये मारुतीच्या मानेसर कारखान्यात हिंसाचार झाला आणि मनुष्यबळ विभागाच्या एका अधिकाऱ्याचा त्यात बळी गेला. त्यानंतर त्या कंपनीने ठेकेदाराला बाजूला सारून तात्पुरते कामगार स्वतःच घ्यायचे ठरवले. ते तात्पुरतेच राहिले आणि त्यामुळे सारे प्रश्न सुटले असेही नाही. परंतु निवड कुणी केली आणि पगार कुणी दिला, या दोन प्रश्नांची उत्तरे तिथे एक झाली. एवढे होण्यासाठी एका माणसाचा जीव जावा लागला.

सरकारकडेही काम आहे. १९५९ च्या कायद्याने रिक्त जागांची माहिती सेवायोजन कार्यालयाला कळवणे बंधनकारक केले होते. ती कार्यालये कालांतराने नुसत्या नोंदणीच्या खिडक्या झाल्या. आता ‘महास्वयम्’ संकेतस्थळ आहे. चाकणच्या जागा तिथे ठेकेदाराच्या नावाने न येता कारखान्याच्या नावाने आल्या, तर वाशीमच्या किंवा परभणीच्या मुलाला चौकातल्या दलालाच्या हातावर पैसे ठेवावे लागणार नाहीत. मुदतीच्या नोकरीत वर्षभरानंतर उपदान देण्याची तरतूद नव्या संहितेने केली आहे. ती अकराव्या महिन्यात ‘ब्रेक’ देऊन निष्फळ केली जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको. निरीक्षकाला आता ‘सुविधाकार’ असेही म्हटले जाणार आहे. त्याने सुविधा कुणाची पाहायची, हे खात्याने वेळीच स्पष्ट करावे.

आणि काही काम कायद्याची वाट न पाहता करण्यासारखे आहे. दत्तोपंत ठेंगडींनी १९५५ साली मजदूर संघाची स्थापना केली, तेव्हा कामगार आणि मालक हे एकाच औद्योगिक कुटुंबाचे घटक आहेत, ही भूमिका वर्गसंघर्षाच्या त्या काळात हास्यास्पद ठरवली गेली होती. कुटुंब म्हटले की आधी माणसाची ओळख लागते. आयटीआयचे निकाल लागले की दर वर्षी मराठवाड्यातून, विदर्भातून मुलांचे तांडे मोशी, चिखली, नाणेकरवाडी, मेदनकरवाडीच्या भाड्याच्या खोल्यांत उतरतात. पहिल्या महिन्यात हाती आलेला कागद वाचून दाखवणारे माणूस त्यांना कुणी भेटत नाही. या पट्ट्यात तीस-तीस वर्षे कारखान्यात काढून निवृत्त झालेले, पगारपत्रकाचा रकाना न् रकाना ओळखणारे शेकडो कार्यकर्ते आहेत. भविष्यनिर्वाह निधीत खरोखर रक्कम जमा होते का, राज्य विम्याचा क्रमांक मिळाला का, जादा तास कोणत्या दराने लावले, एवढे त्यांनी मुलाच्याच भ्रमणध्वनीवर उघडून दाखवले तरी पुष्कळ आहे. त्यासाठी मोठी जागा लागत नाही. वस्तीवरची अभ्यासिका किंवा देवळाची ओसरी चालेल. दिवस मात्र रविवार ठेवून उपयोग नाही. या पट्ट्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, आणि त्या दिवशी दुपारपर्यंत मुले झोपलेली असतात. गुरुवारची संध्याकाळ सोयीची पडेल.